ठमीचे पाय

माझा भाऊ शिंपी आहे आणि स्वतःच्या हातावर त्याचा जरा जास्तच विश्वास आहे. ढेरपोट्याला तो सडपातळ दाखवतो, एक खांदा उतरलेल्याचे दोन्ही सारखे करून देतो. त्यामुळे पोटच्या पोरीचे पाय वाकायला लागले तेव्हा डॉक्टर गाठायचं सोडून त्याने कात्री हातात घेतली.

दुकानात इस्त्री मी करते. ठमीची, म्हणजे माझ्या भाचीची, विजार फळीवर आली की मेली कधी सपाट पडायची नाही. एका बाजूची शिवण बसवावी तर दुसरीकडे फुगा यायचा. एकदा वैतागून मी म्हटलं, "अरे, ही कापलीस कशी? डोळे मिटून?"

भाऊ मशीनवरून उठला नाही. वहिनी काजं करता करता थांबली आणि रडायलाच लागली. मग मी पोरीला पुढ्यात ओढलं आणि विजार उतरवली. पाय जुळवून उभी केली तर गुडघ्यांमधून माझी मूठ सहज गेली. चार वर्षांची पोर! विजार मात्र अशी बेतलेली की अंगावर सरळसोट दिसावी. कारागिरी अव्वल होती, आणि मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

"मोठी झाली की होईल नीट," तो पुटपुटला.

"आणि नाही झाली तर? जन्मभर विजारीच शिवत बसणारेस?"

दुसऱ्या दिवशी आम्ही तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी तिची मनगटं चाचपली, ती जाड झाली होती. रक्त तपासलं, एक्सरे काढला.

"मुडदूस आहे," त्या म्हणाल्या. "हाडांना कॅल्शियम मिळालेलं नाही, व्हिटॅमिन डीपण नाही. खाते काय? उन्हात खेळते का?"

ठमी दुधाला शिवत नव्हती, चहापावावर वाढत होती. आणि ऊन कुठलं? कापडाचा रंग उडू नये म्हणून आमच्या खिडक्यांना कायम जाड पडदे. पोर दिवसभर कटिंगच्या टेबलाखाली चिंध्यांशी खेळायची. तागे जपता जपता आम्ही तिलाच अंधारात ठेवलं होतं, आणि ते कोणाला खटकलंही नव्हतं.

"रोज कॅल्शियम, सोबत व्हिटॅमिन डी. दूध, दही, अंडी. आणि ऊन. हाडं वाढताहेत अजून, बहुतेक सरळ होतील. नाहीच झाली तर पुढे ऑपरेशन करून हाड कापावं लागेल."

कापण्यावरच पोट भरणारा माझा भाऊ हे ऐकून पांढराफटक पडला.

गोळ्या सुरू झाल्या. "खडू आहे हा!" म्हणून ठमीने पहिली थुंकली, मग वहिनी दह्यात कुस्करून द्यायला लागली. भाऊ दर रविवारी टेप घेऊन गुडघ्यांमधलं अंतर मोजायचा. ठमीची किरकिर थांबली, पाय दुखेनासे झाले, जिना ती एकटी चढायला लागली. टेप मात्र जिथल्या तिथे. एक दिवस मला औषधं फडताळाच्या पार मागे ढकललेली सापडली.

"तसूभर फरक नाही," भाऊ म्हणाला. "उगाच छळायचं कशाला तिला?"

मग मी जे तोंड सोडलं ते सगळ्या गल्लीने ऐकलं असेल. त्याच संध्याकाळी बापलेकीला घेऊन दवाखाना गाठला. बाईंनी नवा एक्सरे काढून जुन्याशेजारी लावला.

"हाडाची टोकं बघा. आधी कुरतडल्यासारखी होती, आता पांढरी रेघ आलीय. कॅल्शियम बसतंय. आधी हाड आतून भरतं, आकार फार सावकाश सुधारतो. टेपला हे कुठून कळणार? पण आता औषध सोडलंत तर सगळं पाण्यात."

भाऊ त्या रेघेकडे बघतच राहिला. घरी आल्यावर स्टुलावर चढून त्याने स्वतःच रस्त्याकडचा पडदा काढला.

"अरे, तागे?" वहिनी म्हणाली.

"मागे सरकव."

वर्ष उलटून गेल्यावर बाईंनी ठमीला विजार काढून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालायला लावलं. भावाचा हात माझ्या हातात होता.

"ऑपरेशनची गरज नाही," बाई म्हणाल्या. "थोडा बाक उरलाय, तो वाढीत जाईल. खाणं सांभाळा."

भाऊ ढसाढसा रडला. मला फार आनंद झाला होता, पण मी त्याला शिव्याच दिल्या. तेवढ्यात ठमी दार ढकलून बाहेर. बाकांवर माणसंच माणसं. भाऊ विजार घेऊन तिच्यामागे धावला. "अगं थांब, आधी ही घाल! लोक बघतायत!"

गुडघ्यापर्यंतच्या सदऱ्यात ती मधोमध उभी राहिली.

"बघू दे की, बाबा," ती म्हणाली. "मला उकडतंय."

आणि चालायला लागली. भावाने विजारीची घडी केली, पिशवीत टाकली आणि तिच्यामागे निघाला.