बर्मा म्हणू नका मला

मित्रांनो, पाळणाच आहे मी, जुना आणि सागाचा. पण एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. मी बर्माचा नाही. जन्मभर हे सांगायचं होतं आणि जन्मभर कुणी विचारलं नाही. विचारायचे ते एवढंच, "बर्मा कुठे आहे?" मग कुणीतरी सांगायचं, "बेबाबाईकडे गेला, तिच्या सुनेला मुलगा झालाय." बर्मा म्हणजे मी. लाकडाला तोंड नसतं, म्हणून ऐकून घेतलं.

माझा जन्म सातपुड्यातला. शिरपूरच्या वरच्या अंगाला डोंगर आहेत, तिथे मी चांगला सरळसोट साग होतो. तोडला, बैलगाडीवर घातला, धुळ्याला नेऊन चिरला आणि पारोळ्याला मगन मिस्त्रींच्या दारात आणून टाकला. मिस्त्रींनी माझे कठडे कोरले, चार कोपऱ्यांवर चार पोपट बसवले, पितळी कड्या लावल्या. त्यांच्या हाताबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती भंवरलाल शेटजींबद्दल. पारोळ्यात त्यांचं कापडाचं दुकान होतं, आणि घरात पहिला मुलगा, लखीचंद, नुकताच जन्मला होता. शेटजी मला न्यायला आले, कठड्यावरून हात फिरवला आणि चार माणसांत म्हणाले, "हा बर्मा आहे." झालं. तेव्हापासून तेच चिकटलं.

शेटजी खोटं बोलणारे नव्हते, तीच तर पंचाईत. त्या काळी ब्रह्मदेशातला साग जहाजाने मुंबईला यायचा आणि त्याच्यासारखं लाकूड नाही असं सगळे मानायचे. शाळेच्या पुस्तकात त्या देशाला ब्रह्मदेश म्हणत, इंग्रज बर्मा म्हणत, आणि बाजाराने इंग्रजांचा शब्द उचलला. पुढे पुढे कुठलंही लाकूड जरा चकाकलं की ते बर्मा. दार बर्मा, पलंग बर्मा, देवघराचा पाटसुद्धा बर्मा. अहो, आमच्या सातपुड्याच्या सागात काय वाईट होतं? पण जवळचं चांगलं म्हणायला आपल्या लोकांची जीभ वळत नाही. लांबून आलं असं सांगितलं की लगेच माना डोलतात.

काम मात्र मी मनापासून केलं. शेटजींची बायको सूरजबाई मोठ्या मनाची. गल्लीत कुणाच्याही घरी बाळ झालं, मग ते घर शेतकऱ्याचं असो की दुकानदाराचं, ती मला बारशाला पाठवून द्यायची. फुलं बांधली जायची, बायका गाणी म्हणायच्या, आत्या बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगायची. किती पोरांची नावं माझ्यात ठेवली गेली, त्याची गणती नाही. माझ्याच नावाचा विचार करायला तेवढी कुणाला सवड झाली नाही. वर पोरं मला ओलं करायची, पोपटांच्या चोची चावायची, आणि परत आणताना गडीमाणसं मला दाराच्या चौकटीवर आपटायची.

मग एकोणीसशे एकोणनव्वद साल उजाडलं. गल्लीतले अभिमन गुरुजी पेपर घेऊन ओट्यावर आले आणि म्हणाले, "ऐकलं का, बर्माचं नाव आता म्यानमार झालं." मी तेव्हा शेजारच्या बेबाबाईच्या ओट्यावर, तिच्या नातवाला घेऊन होतो. गुरुजींनी समजावून सांगितलं की तिथले लोक आपल्या देशाला बोलताना बमा म्हणतात आणि लिहिताना म्यन्मा. इंग्रजांनी बोलण्यातला शब्द घेतला आणि त्याचं बर्मा केलं. आता तिथल्या सरकारने लिहिण्यातला शब्द पुढे केला आहे.

बेबाबाई झोका देत आपल्या अहिराणीत म्हणाली, "गुरुजी, त्यामा काय नवं शे? आम्ही घरमा 'शे' म्हणतस, आन् तुम्ही पोऱ्यासले वहीमा 'आहे' लिखाले लावतस. गाव काय बदली गयं का?"

गुरुजी हसले. मला वाटलं, चला, त्या देशाचंच नाव गेलं, आता मीही सुटलो. कसला सुटतोय? दुसऱ्या दिवसापासून गल्लीतली पोरं मला म्यानमार म्हणायला लागली. मोठे बर्माच म्हणत राहिले. ज्या देशाची माती मी कधी पाहिली नाही, त्याची जुनी आणि नवी अशी दोन्ही नावं माझ्या गळ्यात पडली.

इथवर नुसता वैताग होता. पुढे जे झालं त्याने मात्र माझ्या कड्या थरथरल्या.

लखीचंदची मुलगी कुसुमलता. तीही माझ्यातच वाढलेली. तिला जळगावला दिलं होतं, बन्सीलाल शेटजींच्या घरी. सोयरीक ठरताना लखीचंद फुशारकीने बोलून गेला होता, "पहिल्या बाळाबरोबर आमचा बर्मा पाठवू." माहेरहून पाळणा जायचा हा रिवाजच होता, त्यात बर्मा कशाला घुसवायचा? पण घुसवला. कुसुमलताला मुलगी झाली. दोन महिन्यांची लेक घेऊन ती सासरी निघाली, तेव्हा मला टेम्पोत घातलं. बारसं जळगावलाच होणार होतं.

बारशाला बन्सीलालांनी आपले स्नेही रुपचंद यांना मुद्दाम बोलावलं. रुपचंदांची लाकडाची वखार होती. "या, खरा बर्मा बघा," बन्सीलाल म्हणाले. रुपचंदांनी मला तिरकं करून खालून पाहिलं. तिथे लाकडावर शिरपूरच्या जंगल खात्याचा शिक्का होता, मगन मिस्त्रींनी रंधा न मारता तसाच सोडलेला. रुपचंद म्हणाले, "शेटजी, लाकूड झकास आहे. पण हा शिरपूरकडचा साग."

बायकांची गाणी थांबली. बन्सीलाल लाल झाले. "चारचौघांत आमची शोभा केलीत," ते लखीचंदला म्हणाले. "हा पाळणा घेऊन जा. मुलीला आणि नातीलाही घेऊन जा. खरा बर्मा मिळाला की तिघांना एकदमच आणा."

लखीचंद हात जोडून उभा राहिला. त्याला बिचाऱ्याला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. त्याच्या वडिलांनी सांगितलं ते त्याने खरं धरलं होतं. बाळाची आत्या नाव सांगायला पुढे आली होती, ती बन्सीलालांचा, आपल्या वडिलांचा, चेहरा पाहून मागे सरकली. आणि मी? मी ओरडून सांगितलं असतं की बाबांनो, माझ्यावरून पोर घराबाहेर काढू नका. पण लाकडाचं कोण ऐकतं?

कुसुमलता उठली. बाळाला तिने माझ्यात निजवलं आणि सासऱ्यांना शांतपणे म्हणाली, "बाबूजी, या पाळण्यात मी वाढले. हा चालत नसेल तर मीही चालत नाही, मी जाईन. पण माझ्या मुलीचं बारसं अर्धं राहणार नाही."

तेवढ्यात शेजारच्या पुष्पाबाई आल्या. घरात काय झालं याचा त्यांना पत्ताच नव्हता. त्यांनी माझे पोपट पाहिले आणि विचारलं, "हाच का तो बर्मा?"

बन्सीलालांनी घसा साफ केला. आणि सांगतो काय, मला परत न्या म्हणणारा तो माणूस शेजारणीपुढे म्हणाला, "हो, अस्सल बर्मा." मला हसावं की रडावं ते कळेना.

"नाही काकू," कुसुमलता म्हणाली. "शिरपूरचा आहे."

आता हिची पिशवी भरून हिला माहेरी धाडणार, असं सगळ्यांना वाटलं. पण त्या गडबडीत माझी दोरी कुणाच्याच हातात नव्हती. बाळ जागं झालं आणि जोरात रडायला लागलं. आत्या हलली नाही, आजी हलली नाही, सगळ्या बन्सीलालांकडे बघत राहिल्या. बाळ रडून रडून लाल झालं. मग बन्सीलाल स्वतः पुढे आले, खाली बसले आणि दोरी हातात घेतली. "शिरपूरचा तर शिरपूरचा," ते पुटपुटले. मग लेकीवर डाफरले, "अगं, बघतेस काय? नाव सांग तिच्या कानात."

मित्रांनो, आता ती मुलगी शाळेत जाते आणि मी जळगावच्याच घरात माळ्यावर आहे. माझ्यात जुन्या गाद्या कोंबल्या आहेत, एक कडी सुटली आहे, आणि खालून अजूनही आवाज येतो, "बर्मा वर आहे ना, त्यात ठेव." पुन्हा घरात बाळ येईल तेव्हा मला खाली काढा, तेल लावा, ती कडी आधी नीट बसवा. मी कुठला आणि कुठल्या लाकडाचा, त्यावर सवडीने भांडा. पण तेव्हा आधी दोरी कुणीतरी हातात धरा, पोर रडत असेल.