कोपऱ्यातली तारीख

मी एक जुना एक्स-रे आहे, मित्रांनो. कोंडीरामच्या उजव्या मनगटाचा. अंगभर ओरखडे, एका बाजूला चहाचा डाग. बोलायचाही कंटाळा येतो आता, पण सांगतो.

माझा जन्म रहाटणीच्या एका दवाखान्यात झाला. कोंडीराम चाकणच्या कंपनीत गाड्यांचे स्क्रू आवळायचा. मोटरसायकल घसरून त्याचं मनगट मोडलं, ऑपरेशन करून आत धातूची पट्टी नि स्क्रू बसवले. तिसऱ्या दिवशी मला काढलं. माझ्या कोपऱ्यात तारीख उमटली, चौदा. डॉक्टरांनी मला ट्यूबलाइटकडे धरलं, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. "फर्स्ट क्लास! उद्या घरी," म्हणाले नि मला पाकिटात कोंबलं. अहो, बघितलं तरी का माझ्याकडे? एक स्क्रू तिरका जाऊन थेट सांध्यात घुसला होता. मी ओरडून सांगितलं असतं, पण आम्हाला तोंड कुठं असतं!

घरी माझी रवानगी गादीखाली झाली. "आपल्याला काय कळतंय त्यातलं," कोंडीराम म्हणाला. एकदाच बाहेर निघालो, ग्रहणाच्या दिवशी. त्यानं मला डोळ्यांपुढे धरून सूर्य बघितला, शेजाऱ्यांनाही दाखवला. (तुम्ही असं कधी करू नका रे, डोळे जातात.) माझ्यातून त्याला एवढा लांबचा सूर्य दिसला, स्वतःच्या हातातला स्क्रू तेवढा दिसला नाही.

हळूहळू त्याचं मनगट आखडलं. पान्हा धरता येईना, कंपनीनं घरी बसवलं. मग वर्षाली वकिलांनी ग्राहक आयोगात तक्रार केली. दवाखान्याचं उत्तर आलं: ऑपरेशन उत्तम झालं होतं, घरी गेल्यावर पेशंटनं वजन उचललं, म्हणून स्क्रू सरकला.

ते ऐकून कोंडीरामच्या बायकोचा, कस्तुराचा, चेहराच उतरला. तो घरी आला त्याच आठवड्यात टँकर आला होता. ती तापानं फणफणलेली, म्हणून तिनंच त्याला पाण्याचा कॅन आणायला लावला होता. वकीलबाई म्हणाल्या, "तिसऱ्या दिवशीचा एक्स-रे शोधा." कस्तुरा म्हणाली, "सापडंना." आणि मी तिच्याच गादीखाली! मी कॅनच्या आधीचा, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं; मी बाहेर आलो की सरकलेला स्क्रू दिसेल नि सगळा दोष आपल्यावर येणार, असं बिचारीला वाटायचं.

आयोगात तारखांवर तारखा पडत गेल्या. दोन वर्षं गेली. दुसऱ्या डॉक्टरानं लेखी मत दिल्याशिवाय केस उभी राहीना, नि लिहून द्यायला कुणी धजेना. शेवटी चऱ्होलीचे यशवंतराव, हाडांचे निवृत्त डॉक्टर, म्हणाले, "पहिला एक्स-रे दाखवा, लिहून देतो. तो नसेल तर आपला रामराम."

कोंडीराम घरी येऊन भिंतीला टेकला. "केस मागं घेतो कस्तुरा. माझीच चूक आसंल."

हे मात्र तिला सोसलं नाही. तिनं गादी उचलली नि मला ओढून काढलं. "तुमची न्हाई, माझी हाय. मीच पाणी आणाया लावलं. चला, दावू त्यास्नी. व्हायचं ते होऊ द्या."

यशवंतरावांनी मला खिडकीच्या काचेला लावलं. चष्मा पुसला नि बघत राहिले. जन्मात पहिल्यांदा मला कुणी नीट बघत होतं.

"घरी कधी सोडलं?"

"पंधरा तारखेला," कोंडीराम म्हणाला.

"हा चौदाचा आहे. स्क्रू तेव्हाच सांध्यात घुसलेला दिसतोय."

कोंडीराम जवळ गेला. "आयला! असा स्क्रू आमच्या लाइनवर लागला असता, तर अख्खा पीस रिजेक्ट झाला असता!"

कस्तुरानं काचेवर माझ्यावरच बोट टेकवलं. "म्हंजे पाण्याच्या कॅननं न्हाई?"

"नाही हो, बाई. तुमचा काही दोष नाही."

मग ती जी रडली, ते थांबेचना. कोंडीराम आखडल्या हातानं तिची पाठ थोपटत राहिला.

आता मी आयोगाच्या फाइलीत पडून आहे. निकाल लागलेला नाही, पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे. कोंडीरामचं मनगट काही वळत नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरी गादीखाली माझा एखादा भाऊ असेल. त्याला बाहेर काढा, उजेडाला धरा. कळलं नाही तर "साहेब, समजावून सांगा" म्हणायला लाजू नका. नि कोपऱ्यातली तारीख आधी वाचा. आमची कस्तुरा दोन वर्षं त्याच तारखेवर झोपत होती.