स्वखुशीने

लिफ्टवाल्याला तिथली भाषा यायची, पण लिफ्टपुरतीच. वर, खाली, दार, थांबा, अडकलंय आणि आलोच. एवढ्या भांडवलावर त्याने परक्या देशात नोकरी टिकवली होती आणि वर लग्नही जमवलं होतं.

ते जमलं असं. एका जुन्या इमारतीत चौथ्या मजल्यावर कवळ्या बनवायची प्रयोगशाळा होती. तिथे काम करणारी एक बाई प्लास्टरच्या जबड्यांचा ट्रे घेऊन लिफ्टमध्ये शिरली आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये बसली. दुरुस्तीला लिफ्टवाला आला, वरून डोकावून तिथल्या भाषेत ओरडला, "थांबा! अडकलंय! आलोच!" आणि मग स्वतःशीच मराठीत पुटपुटला, "हिलाही आत्ताच रुसायचं होतं. बस म्हणावं फुगून."

आतून आवाज आला, "मी फुगलेली नाही. तुमच्या लिफ्टबद्दल बोलत असाल तर तसं सांगा."

त्याच्या हातातला पाना खाली पडला. त्यानंतर त्या इमारतीची लिफ्ट फारच वारंवार तपासावी लागू लागली.

माणूस चांगला होता. फक्त सरळ बोलायची त्याला ॲलर्जी होती. जेवण आवडलं तर म्हणायचा, "खपून गेलं." तिने नवा ड्रेस घातला तर, "दुकानात दुसरा नव्हता का?" आणि लग्नाचं विचारलं तेही असं, "तुला नाहीतरी सारखं सरकारी कचेरीत जावं लागतं. एकदा दोघं मिळूनच जाऊ. काम उरकून टाकू." ती हो म्हणाली. पण मनात कुठेतरी खडा राहिलाच, की या माणसाने आजवर आपल्याला एक धड वाक्य ऐकवलेलं नाही.

मग सुरू झालं कागदांचं. त्या देशात परदेशी माणसाला लग्न करायचं तर आधी सिद्ध करावं लागे की त्याचं लग्न झालेलं नाही. जन्माचा दाखला हवा, अविवाहित असल्याचा दाखला हवा, त्यावर मायदेशाचा शिक्का हवा, शिक्क्यावर शिक्का हवा आणि सगळ्याचं मान्यताप्राप्त भाषांतर हवं. शिवाय कागद ताजा हवा. त्याचा दाखला येईपर्यंत तिचा शिळा झाला. तिने नवा मागवला. "माझं लग्न नाही झालेलं, हे मी दर सहा महिन्यांनी कळवत राहू का?" असं तिने खिडकीपलीकडच्या कारकुनाला विचारलं. तो शांतपणे म्हणाला, "दर वेळी नवा अर्ज जोडा."

शेवटी दोघांची नावं कचेरीच्या काचेच्या फलकात लागली. कोणाची हरकत असेल तर कळवा, म्हणून. कोणी कळवली नाही. तारीख मिळाली. आणि मग शेवटचा नियम पुढे आला. वर किंवा वधू यांच्यापैकी कोणाला तिथली भाषा येत नसेल, तर शपथबद्ध दुभाषी हवा.

"मला येते ना भाषा," ती म्हणाली. "मी सांगेन त्याला."

नोंदणी अधिकारी हडकुळे आणि फार सभ्य होते. "म्हणजे 'ही तुम्हाला पत्नी म्हणून मान्य आहे का' हे तुम्हीच विचारणार, आणि 'मान्य आहे' असं तुम्हीच आम्हाला सांगणार?"

तिने मुकाट्याने दुभाषीसाठीचा अर्ज मागून घेतला.

मराठीची शपथबद्ध दुभाषी सगळ्या शहरात एकच होती. सारी हयात कोर्टात घालवलेल्या बाई. ताठ मान, पांढरा अंबाडा, आणि चेहरा असा की समोरच्याने आपोआप पाठ सरळ करावी. लग्नाच्या दिवशी त्यांनी हात वर करून शपथ घेतली. जे बोललं जाईल ते सगळं, काहीही न वाढवता, न घटवता भाषांतरित करीन.

साक्षीदार दोन. तिच्याकडून प्रयोगशाळेच्या मालकीण, दातांच्या डॉक्टरबाई. त्या तिथल्याच. त्याच्याकडून खास विमानाने आलेले मामा. मामांना वाटायचं, चार माणसं जमली की त्यांना हसवणं ही आपली जबाबदारी आहे.

अधिकाऱ्यांनी मामांना विचारलं, "वराला आपण ओळखता का?"

दुभाषीबाईंनी मराठीत विचारलं. मामांनी भाच्याच्या पाठीत थाप मारली. "ओळखतो म्हणजे काय! हा बघा, बळीचा बकरा हजर आहे."

बाईंनी पापणीही न हलवता तिथल्या भाषेत सांगितलं, "साक्षीदार म्हणतात, बळी देण्यासाठी आणलेला बोकड हजर आहे."

अधिकाऱ्यांनी टेबलाखाली पाहिलं. "इमारतीत प्राणी आणायला परवानगी नाही."

"बोकड म्हणजे वर," बाईंनी खुलासा केला. वधूने कपाळाला हात लावला.

अधिकाऱ्यांनी घसा साफ केला आणि वराकडे वळून कायद्याचा मुख्य प्रश्न विचारला. बाईंनी तो मराठीत आणला. "आपण हा विवाह स्वखुशीने, कोणत्याही दबावाशिवाय करत आहात का?"

सगळे आपल्याकडे बघतायत म्हटल्यावर लिफ्टवाल्याची नेहमीची खोड उसळली. "आता काय," तो हसत म्हणाला, "अडकलोच आहे!"

मामा खो खो हसले. बाई म्हणाल्या, "वर म्हणतात, आता काही इलाज नाही. मी सापळ्यात सापडलो आहे."

अधिकाऱ्यांचं पेन थांबलं. त्यांचा चेहरा बघून लिफ्टवाल्याच्या लक्षात आलं की काहीतरी बिनसलं. घाईघाईने तो आपल्याजवळची होती नव्हती ती सगळी भाषा घेऊन मदतीला धावला. "थांबा!" तो तिथल्या भाषेत म्हणाला. "थांबा! दार!"

अधिकाऱ्यांनी दाराकडे पाहिलं. मग वधूकडे. मग अतिशय हळुवार आवाजात जाहीर केलं की संमतीबद्दल शंका आल्यामुळे विधी तात्पुरता थांबवण्यात येत आहे, आणि दोघांशी वेगवेगळं बोलण्यात येईल.

"शाब्बास," वधू वराला म्हणाली. "आता पोलिसांनाच बोलाव."

आधी तिला आत नेलं. कोणाची जबरदस्ती आहे का, असं विचारलं. ती म्हणाली, "साहेब, हा माणूस मनाविरुद्ध चहासुद्धा पीत नाही. याच्यावर जबरदस्ती करणारा अजून जन्माला यायचाय." साहेबांनी लिहून घेतलं, पण त्यांचं समाधान झालेलं दिसलं नाही.

मग तो आत गेला. छोटी खोली, एक टेबल, मधे दुभाषीबाई.

"या स्त्रीशी तुम्हाला लग्न का करायचं आहे?"

"असंच," तो म्हणाला.

बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "असंच. याचं भाषांतर 'काही कारण नाही' असं होतं. करू?"

"अहो नको! म्हणजे तसं नव्हे. बाई, तुम्हाला कळतंय ना मला काय म्हणायचंय? तुम्हीच जरा नीट करून सांगा की."

"मी शपथेवर आहे. मला वाढवता येत नाही." बाई थांबल्या. "आणि मला सल्लाही देता येत नाही. पण माणसाने भाषांतर करण्यासारखं काहीतरी बोलावं, एवढं म्हणायला कायद्याची हरकत नसावी." आणि हेही त्यांनी इमानाने अधिकाऱ्यांना भाषांतरित करून सांगितलं.

लिफ्टवाला घामाघूम झाला. दोन्हीकडे हातभर अंतरावर भिंती, आणि समोर दोन गंभीर चेहरे. टेबलाची कड चाचपत, खाली बघूनच तो बोलू लागला.

"ती कवळ्या करते. एकदा मी बघत बसलो होतो. सगळे दात एका ओळीत सुरेख बसवले, आणि मग एक तिने हळूच वाकडा केला. मी म्हटलं, बिघडवलास की. तर म्हणाली, म्हाताऱ्या माणसाला सगळेच सरळ दात शोभत नाहीत, खोटे वाटतात. ज्याच्याकडे ती कवळी जाणार त्याला तिने कधी पाहिलेलंही नव्हतं. तरी त्याचं हसू खरं दिसावं म्हणून धडपडत होती. त्या दिवशी मी ठरवलं. करीन तर हिच्याशी. मला ती फार आवडते. नाही म्हणाली असती तर मी त्या इमारतीत परत पाऊल टाकलं नसतं. जिनासुद्धा चढलो नसतो."

बाईंनी सगळं भाषांतरित केलं. जिन्यासकट. मधे एकदा चष्मा काढून पुसला, तेवढंच.

अधिकाऱ्यांनी समाधानाने मान हलवली आणि सगळे पुन्हा मोठ्या खोलीत आले.

"काय म्हणाला हो आत?" वधूने बाईंना विचारलं.

"ते गोपनीय आहे."

प्रश्न पुन्हा विचारला गेला. या वेळी लिफ्टवाल्याने शाळेतल्या पोरासारखं उत्तर दिलं, "हो. स्वखुशीने." मामांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, बाईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं, आणि तोंड मिटलं.

मग तिची पाळी. तिला दुभाषी नको होता. तिथली भाषा तिला फर्डी यायची. पण ती मुद्दाम मराठीत म्हणाली, "आत जे काय बोलला ते आधी इथे, माझ्यासमोर बोलू दे. मग बघते."

बाईंनी तत्परतेने भाषांतर केलं. त्यांच्या आवाजात आता थोडा उत्साहही होता.

अधिकाऱ्यांनी पुन्हा पेन खाली ठेवलं. "अटीवर दिलेली संमती ग्राह्य धरता येत नाही."

"अट नाही," ती गोड हसून म्हणाली. "विनंती."

बाहेर पुढचं जोडपं ताटकळत होतं. अधिकाऱ्यांनी घड्याळाकडे पाहिलं, नियमांच्या जाड पुस्तकाकडे पाहिलं, आणि म्हणाले, "विनंतीला कायद्यात मनाई नाही."

लिफ्टवाल्याचे कान लाल झाले. मामांच्या देखत! पण सुटका नव्हती. त्याने सगळं पुन्हा सांगितलं, वाकड्या दातापासून जिन्यापर्यंत, आणि या वेळी तिच्याकडे बघून. तिने आधी ओठ घट्ट मिटले होते. 'मला ती फार आवडते' च्या जागी 'मला तू फार आवडतेस' आलं, तेव्हा तिने रुमाल शोधायला पर्स उघडली.

डॉक्टरबाईंना काही कळत नव्हतं. त्यांनी दुभाषीबाईंची बाही ओढली. बाईंनी त्यांनाही सगळं सांगितलं, न वाढवता, न घटवता. ऐकता ऐकता डॉक्टरबाईंचा चेहरा खुलला.

"अहो, पण तो वाकडा दात माझा!" त्या मोठ्याने म्हणाल्या. "माझा नियमच आहे तसा. ही ऐकायचीच नाही. चांगली दोन वर्षं भांडत होती माझ्याशी, सगळे सरळच बसवीन म्हणून!"

लिफ्टवाल्याने दुभाषीबाईंकडे पाहिलं. "काय म्हणतायत त्या?"

बाईंनी तोंड उघडलं.

"हो!" वधू तिथल्या भाषेत जवळजवळ ओरडलीच. "मान्य आहे! स्वखुशीने, दबावाशिवाय, कायमचं! लिहा साहेब, लिहा लवकर!"

साहेबांनी लिहिलं. शिक्का बसला. बाईंनी मग शपथेप्रमाणे डॉक्टरबाईंचं वाक्य वराच्या कानावर घातलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

तो हळूहळू बायकोकडे वळला. "म्हणजे तो दात…"

"इथे सही कर," ती म्हणाली आणि पेन त्याच्या हातात दिलं.