लाल फडक्याखालचा भरडा

अंगद सरांनी जन्मभर मानसशास्त्र शिकवलं, पण संशोधन म्हणावं असं त्यांच्या हातून एकच काम चाललं होतं, आणि तेही गुंडाळायला ते आज उमापूरला आले होते. मेमध्ये निवृत्ती. जनावराला, झाडाला शिकता येतं का, एवढा एकच प्रश्न त्यांनी उराशी धरला होता. आधी कॉलेजच्या व्हरांड्यात लाजाळूच्या कुंड्या मांडल्या. रोज कुंडी हलवायची आणि पानं मिटायचं कधी सोडतात ते बघायचं. उन्हाळ्याच्या सुट्टीत पाणी घालायला कुणी नव्हतं. लाजाळू कायमची मिटली. मग शेळ्या. स्टाफरूममध्ये एक जण रोज विचारी, "काय सर, शेळीचा पहिला नंबर आला का?" सर हसून चहात बिस्कीट बुडवत. उत्तर त्यांना दुसऱ्या दिवशी आंघोळ करताना सुचायचं.

शेळ्या खाजामियाँ आणि अजमतबी या म्हाताऱ्या जोडप्याच्या. प्रयोग साधा होता. दोन घमेली, एकावर लाल फडकं, एकावर पांढरं. भरडा फक्त लाल फडक्याखाली. जागा दर खेपेला बदलायची आणि शेळी लाल फडकं ओळखायला शिकते का ते बघायचं. आपल्या चेहऱ्यावरून तिला सुगावा लागू नये म्हणून सर चादर बांधून मागे बसत आणि फटीतून फक्त शेळीचं तोंड कुठं वळलं तेवढं टिपत. घमेली भरायचं काम अजमतबींचं. दहा महिने उत्तर एकच: निम्म्या वेळा लाल, निम्म्या वेळा पांढरं. नाणं उडवलं असतं तरी तेच आलं असतं. शेळीला शिकता येत नाही, की आपल्याला विचारता येत नाही? सरांचा कौल दुसऱ्या बाजूलाच होता.

शेवटचाच दिवस, म्हणून त्यांनी आज चादर बांधली नाही.

"कावून ओ सर, आज परदा न्हाई?" खाजामियाँनी बाजेवरून विचारलं.

"आज बंदच करतो म्हणतो, चाचा."

"शेळ्या नापास झाल्या का काय?"

"मी झालो."

अजमतबींनी मूठभर भरडा लाल फडक्याखाली टाकला. मग सरांच्या देखत, अगदी सहज, दुसरी मूठ पांढऱ्याखाली टाकली.

"खाला, दोन्हीत?"

"मग?"

"रोज दोन्हीत टाकत होता?"

"अवो सर, मुकं जनावर हाय. चाऱ्याला आलेलं तोंड रिकामं परत लावू न्हाई. माझ्या सासूनं बी कदी लावलं न्हाई."

खाजामियाँना हसता हसता खोकला आला. "घ्या! हिनं दहा महिने शेळ्यांना दावत दिली, आन् सर परद्यामागं बसून लिहीत व्हते!"

अजमतबींचा चेहरा उतरला. "लई नुकसान झालं का ओ?"

सरांना राग यायला हवा होता. दहा महिन्यांच्या वह्या रद्दीत गेल्या होत्या. पण छातीवरचा दगड कुणी उचलावा तसं त्यांना वाटत होतं. शेळ्यांचं उत्तर चुकलंच नव्हतं. त्यांना प्रश्नच कुणी विचारला नव्हता. दोन्हीकडे जेवण मांडलेलं असताना फडक्याचा रंग कोण कशाला बघेल?

"खाला, एकदा पांढरं रिकामं ठेवाल?"

"माझ्यानं न्हाई व्हायचं."

बरीच घासाघीस झाली. अखेर ठरलं, की घमेलं चुको की बरोबर येवो, सगळं आटोपून शेळी दाव्याला बांधली की अजमतबींनी तिला हातानं एक मूठ भरवायची.

काळी चंद्री सोडली. भरड्याचा वास दोन्ही घमेल्यांना कधीचाच लागलेला. ती सरळ पांढऱ्याकडे गेली, नाकानं फडकं सारलं, पत्रा चाटला. मग मान वर करून तिनं अजमतबींकडे पाहिलं. घमेल्याकडे पाहिलं. पुन्हा अजमतबींकडे.

"सर, ही मला इचारतीय!" अजमतबी पुटपुटल्या.

अडलेलं जनावर माणसाकडे बघतं, असं सरांनी वाचलं होतं. पण पुस्तकातल्या त्या जनावराला असे डोळे नव्हते. वहीत टिपायचं ते विसरून गेले.

दुसऱ्या खेपेलाही चंद्री पांढऱ्याकडेच गेली. तिसऱ्यालाही. चौथ्या खेपेला ती दोन घमेल्यांच्या मधोमध थबकली. दहा महिन्यांत एकही शेळी अशी थबकली नव्हती. तिनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि मग पांढऱ्याकडेच गेली.

"पुन्हा नापास!" खाजामियाँ म्हणाले.

"नाही चाचा. विचार करून चुकली." सरांचा आवाज त्यांनाच अनोळखी वाटला.

"म्हंजी बंद न्हाई करायचं?"

"नाही. पण मेनंतर माझ्यामागं कॉलेज नसेल. मी नुसता रिटायर मास्तर."

"आमी कुठं कॉलेजात हाओत? या की."

सरांनी नवी वही काढली. अजमतबी दाव्याला बांधलेल्या चंद्रीला भरवत होत्या. एक मूठ संपली. सरांकडे पाठ करून त्यांनी हळूच दुसरी घेतली. सरांनी ते पाहिलं. त्यांनी पहिल्या पानावर तारीख घातली आणि खाली प्रामाणिकपणे लिहिलं: दोन मुठी.