खरपुडीपुढचा शब्द

मी एक जुना तक्ता आहे, कुळगावच्या एका शाळेतला. हसू नका, मित्रांनो. एके काळी अंबरनाथच्या विज्ञान प्रदर्शनात मला पहिले बक्षीस मिळाले होते.

१९८६ साली श्रीपाद सरांनी मला जाड कागदावर रंगवले. डाव्या रकान्यात खरपुडी, कंदिलासारख्या फुलाचे रोप. उजव्या रकान्यात रानपिंगळा. एकीचे नाते रुईशी, दुसऱ्याचे घुबडाशी. सगळ्यात खाली 'स्थिती'. खरपुडीपुढे 'दुर्मीळ' आणि रानपिंगळ्यापुढे 'नामशेष', कारण शंभर वर्षांत तो कोणाला दिसलाच नव्हता. माझ्या अक्षरांचा मला भारी तोरा होता.

आठवीतली पुतळी बारवी धरणाकडच्या पाड्यावरून यायची. माझ्यावरची खरपुडी बघून ती म्हणाली, "सर, ही तं आमच्या डोंगरावं हाय."

सर हरखून गेले. रविवारी चाळीस मुले तिच्यामागून डोंगर चढली.

"फूल घ्या, सर. कांद नका काढू," पुतळी म्हणाली. "आय बोलते, कांद गेला का समदा संपला."

"अगं, नमुना मुळासकट लागतो," सर म्हणाले.

चाळीस वह्यांत चाळीस खरपुड्या दाबल्या गेल्या. प्रत्येकीखाली माझ्यावरून उतरवलेला शब्द होता, 'दुर्मीळ'. तपासणीला आलेल्या साहेबांनी सरांची पाठ थोपटली. पुढच्या पावसाळ्यात सर पुन्हा गेले, तेव्हा तिथे नुसते गवत होते. त्यानंतर पुतळीने वर्गात कधी हात वर केला नाही. मला माझीच शरम वाटते.

मग सातपुड्यात रानपिंगळा जिवंत सापडल्याची बातमी आली. १९९८ च्या जूनमध्ये सरांनी ब्लेडने 'नामशेष' कापून काढले आणि तिथे 'अतिदुर्मीळ' लिहून चिकटवले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्याच दिवशी पुतळी आपल्या मुलीचे नाव घालायला आली होती. तिने टेबलावर पडलेला 'नामशेष'चा कपटा उचलला.

"ह्यो शब्द टाकू नका, सर. खरपुडीपुढं लावा."

"खरपुडी दुसरीकडे आहे गं अजून."

"आमच्या डोंगरावं नाय."

सरांनी मान खाली घातली आणि कपटा खिशात टाकला. तो मला कधीच लावला नाही.

मित्रांनो, आता मी कपाटामागे वाळवी लागून पडलो आहे. मला पुसू नका, रंगही देऊ नका. जपायचे ते डोंगरावर आहे. फक्त कागदाचा नवा कपटा आणि डिंक आणा आणि माझ्या डाव्या रकान्यात पुतळीच्या डोंगराचे नाव लिहून त्यापुढे तो शब्द चिकटवा. तेवढे तरी मला खरे बोलू द्या.