चुकेल तो पडद्यावर

कोळीनाचात सगळ्यांत आधी भार्गव चुकला आणि मागच्या रंगवलेल्या पडद्यावर गेला. जाताना त्याने धडपड वगैरे काही केली नाही. आत्ता रांगेत होता, आत्ता पडद्यावरच्या खाडीत, लाकडी धक्क्यावर वल्हं धरून उभा. रंग ओला होता. सदऱ्याचा निळा ओघळ धक्क्यावरून पाण्यात उतरला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कर्णबधिर शाळेचं स्नेहसंमेलन म्हटलं की मुलांनी नुसती मान हलवली तरी लोक टाळ्या वाजवतात. कुंदाबाई पेडणेकरांना या टाळ्यांचा भारी राग. त्या या शाळेत नाच शिकवत आणि त्यांच्यासमोर ‘बिचारी’ हा शब्द उच्चारायची कुणाची टाप नव्हती.

आत्ता त्या स्टेजसमोर, खुर्च्यांच्या मधल्या वाटेत उभ्या राहून हातांनी ताल देत होत्या. खरं तर पोरांना या हातांची फारशी गरज पडत नसे. तालमीला कुंदाबाई स्पीकर स्टेजच्या फळ्यांवर पालथे घालायच्या. ढोलाचा ठोका फळीतून तळव्यात, तळव्यातून पोटरीत चढायचा आणि पोरं अशी खुलायची की शेवटी त्यांना स्टेजवरून हाकलावं लागे. तबस्सुम तर फळीला गाल लावून पडून राही आणि खुणांनी सांगे, “बाई, पोटात गुदगुल्या होतात.”

पण आज मंडपवाल्याने, कुणीतरी स्पीकर पाडलेत असं समजून, ते उचलून लोकांकडे तोंड करून उभे केले होते. शहाणाच! फळ्या मुक्या पडल्या होत्या. सगळा नाच बाईंच्या दोन हातांवर येऊन ठेपला होता. हात खाली आले की सगळी पोरं एकदम चुकणार.

“दळवीसर,” त्या मान न वळवता म्हणाल्या, “स्पीकर पालथे करायला सांगा. आत्ताच्या आत्ता.”

पहिल्या रांगेतले मुख्याध्यापक दळवी हसले. “अहो बाई, पाहुण्यांना ऐकू यायला नको?”

“एक पोरगा पडद्यावर गेलाय.”

“बघितलं ना. पडदा झकास रंगवलाय यंदा.”

मागून भार्गवच्या आईने बाईंचा पदर ओढला. “बाईनू, आमचो भार्गव खंय गेलो?”

“पडद्यावर.”

तिने डोळे बारीक करून पाहिलं. “बरो दिसता. सदरो तेवढो ओलो आसा.”

एव्हाना गाणं संपायला हवं होतं. ते संपेना. शेवटचं कडवं झालं की पुन्हा पहिलं लागे. नीट दिसावं म्हणून लोक खुर्च्या पुढे सरकवू लागले. वाट बुजली. बाईंच्या पाठीला कुणाचे गुडघे लागले, पोटऱ्यांना खुर्चीची कड लागली. स्टेजवर चढून स्वतः स्पीकर पालथे करावेत, तर पाऊल टाकायला जागा नाही आणि हात कामात. त्यांचा जीव टांगणीला लागला होता.

तेवढ्यात पडद्यावरचा भार्गव हलला. वल्हं काखोटीला मारून त्याने खुणा केल्या, “इथल्या फळ्या वाजतायत. पायाला लागतंय!”

तबस्सुमची नजर बाईंच्या हातांवरून निसटली.

“इकडे बघ!” बाई ओरडल्या. इतक्या वर्षांत असा मूर्खपणा त्यांनी पहिल्यांदाच केला. तबस्सुमने हसत हसत, बाईंच्या डोळ्यांदेखत, उजव्याच्या जागी डावा पाय टाकला आणि ती पडद्यावरच्या होडीत उतरली. तिच्यामागून दुसरी गेली, मग दोघं हात धरून गेली. एक चूक खपवून घेणार नाही, असं बाईंनी वर्षभर बजावलं होतं. आता पोरं खुशाल चुकत होती आणि तिकडे, त्या ओल्या रंगात, केस मोकळे सोडून नाचत होती. इतकी आनंदात त्यांनी ती कधीच पाहिली नव्हती. त्यांना हेवा वाटला, आणि हेवा वाटल्याची शरमही.

स्टेजवर एकटी गिरिजा उरली. सगळ्यांत मोठी, बाईंची सावलीच. वल्हवता वल्हवता तिने खुणांनीच विचारलं, “मी जाऊ?”

बाईंनी मान हलवली. नाही.

“मग तुम्ही पण चला.”

“कशी येऊ?” बाईंनी नुसते ओठ हलवले. गिरिजा ओठ वाचायची.

“चुका ना, बाई. सोप्पं आहे.”

बाईंनी उजवा हात अर्धवट रोखून धरला. ढोलाचा ठोकाही तिथेच थांबला आणि हात पडल्यावर पडला. डावा हात घाईने टाकला, तर ढोलाने घाई केली. त्यांनी वेडेवाकडे, मन मानेल तसे हात फेकले. ढोल मुकाट मागोमाग आला. काहीही केलं तरी ते तालात बसत होतं. “जमत नाही गं,” त्या म्हणाल्या आणि त्यांना रडू आलं.

गिरिजा एक पाय उचलून वाट पाहत राहिली. मग तिने तो हळूच, चुकीच्या जागी ठेवला.

रिकाम्या स्टेजवर गाणं बंद झालं. स्पीकर गप्प झाले. लोक उठले, चहाकडे वळले. “छान झालं हो बाई,” दळवीसर म्हणाले. मंडपवाल्याने पडदा खालून गुंडाळायला घेतला. आधी धक्का गेला, मग पावलं, गुडघे, गिरिजाची हसरी हनुवटी, शेवटी माडांचे शेंडे.

गुंडाळी त्याने खांद्यावर टाकली. आतून ठोके येत होते, बाईंचा हात पडेल तसे. बाईंनी घाबरून हात क्षणभर रोखला, तर आतही सगळं थांबलं.

त्यांनी लगेच पुन्हा ताल धरला.

“अहो, थांबा!” त्या ओरडल्या. मंडपवाला गुंडाळीच्या ठेक्यावर पावलं टाकत दारातून बाहेर गेला. बाहेर टेंपो सुरू झाला. बाईंचे खांदे भरून आले होते. त्यांनी हात खाली घेतले नाहीत.