‘शुश्रूषा’चा शिक्का

रेवदंड्याच्या बंदरात मी होड्यांवर नावं आणि नंबर रंगवतो. माझी बायको नीराबाई चौलजवळच्या धर्मादाय दवाखान्यात वारली. दिवस-कार्य झाल्यावर थोड्याच दिवसांत त्याच दवाखान्याची भिंत रंगवायला प्रज्योतने मला बोलावलं. तिथले कॉम्प्युटर तो सांभाळतो.

भिंतीवर मोठ्या अक्षरांत ‘शुश्रूषा’ लिहायचं होतं. पेशंटच्या नोंदी ठेवायच्या सॉफ्टवेअरचं ते नाव. खाली गोल शिक्का काढायचा, प्रमाणित असल्याचा. दोरीला खडू लावून मी रेघा मारून घेतल्या, मग विचारलं, “हा शिक्का दिला कुणी?”

“सॉफ्टवेअर बनवणाऱ्या संस्थेने. त्यांची माणसं येऊन सगळं तपासून गेली. सॉफ्टवेअर फुकट असतं काका. कुणीही घ्यावं, हवं तसं बदलावं. नाव आणि शिक्का मात्र तपासलेल्यालाच.”

“आणि तू बदललंस.”

तो शिडीला टेकला. “थोडंसं.”

थोडंसं म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. आधी ओळखीचं कार्ड दाखवून फोटो जुळल्याशिवाय नोंद उघडत नसे. आमच्या कोळीवाड्यातल्या बायका मासळी विकून परस्पर दवाखान्यात येतात, कार्ड घरी. रांग तुंबायची, भांडणं व्हायची. तपासणीवाले गेल्यावर प्रज्योतने कार्डाची अट काढून टाकली. नाव, नवऱ्याचं नाव आणि गाव सांगितलं की काम होतं.

पण आमच्यात नातवाला आजोबाचं नाव ठेवतात. मी गुणाजी, माझा चुलतभाऊही गुणाजी. त्याची बायकोही नीराबाई. आडनाव एक, वाडा एक.

माझ्या नीराला पेनिसिलिन चालत नव्हतं. तिच्या नोंदीत तसं लाल अक्षरांत लिहिलेलं होतं. ती गेली त्या दिवशी उघडली ती दुसरीची नोंद, आणि पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं गेलं. काउंटरवरच्या सुचिताने मला हे घरी येऊन सांगितलं, दारातच उभी राहून रडत होती. डॉक्टर म्हणतात, हार्टचं होतं. असेलही.

“आमच्या बंदरातल्या सदाने होडी कापून लांब केली,” मी प्रज्योतला म्हणालो, “आणि जुनाच नंबर घालून मागत होता. मी म्हटलं, बंदराचे साहेब येऊन बघून जाऊ दे, मग घालतो. वर्षभर तोंड फिरवून जायचा.”

“होडीचं वेगळं काका. होडी बुडाली तर...” तो थांबला.

“बोल की.”

तो वेगळंच बोलला. “शिक्का दिसला नाही तर देणगीवाले हात आखडतील. दवाखाना बंद पडेल. मग रात्री-अपरात्री पळा अलिबागला.”

हेही खोटं नव्हतं. दवाखाना हाकेवर आहे म्हणून नीरालाच धीर वाटायचा.

“परत तपासून घे.”

“कार्ड मागायला लावतील. तुमच्याच वाड्यातल्या बायका मला शिव्या घालतील.”

“घालतील. शिव्या घालायला जिवंत तर असतील.”

तो खाली बघत म्हणाला, “तुम्ही नाही काढलात तर फ्लेक्स लावावा लागेल.”

“लाव. माझ्या हातून नाही होणार.”

तेवढ्यात फाटकातून चुलतभावाची नीराबाई आली, पदर डोक्यावरून घट्ट ओढलेला. “भावजी, रंग लावताय का नुसतंच भांडताय?”

“काय होतंय तुला?”

“अंग मोडून आलंय. ताप हाय.”

मी ब्रश ठेवला आणि तिच्यामागून आत गेलो. सुचिताने नाव विचारलं, नवऱ्याचं नाव विचारलं, गाव विचारलं, आणि मग टाइप करता करता हात मागे घेतला.

“प्रज्योतदादा, दोन येतात. कुठली उघडू?”

दोन येत होत्या. माझी बायको तिथे अजून होतीच.

प्रज्योत दारात उभा होता. त्याने पुढे येऊन स्क्रीनकडे पाहिलं. मग म्हणाला, “काकी, कार्ड आणलंय?”

“ते घरी हाय डब्यात. का रं?”

“मागवून घ्या. कार्डाशिवाय उघडायची नाही.”

“मेल्या, तापाने उभं राहवत न्हाय मला.”

“बसा तिथे. पण कार्ड हवं.”

“झालं,” रांगेतला एकजण म्हणाला, “आता संध्याकाळ इथेच.”

फ्लेक्सचं नाव प्रज्योतने पुन्हा काढलं नाही. मी चुलतभावाला फोन करून कार्ड घेऊन यायला सांगितलं, आणि तो येईपर्यंत नीराबाईजवळ बाकावर बसून राहिलो.